एक हितचिंतक आणि शनिवारचे सामने

ही हकीकत सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. टाळायला कारणं पुष्कळ सापडतात. कधी बायकोची तब्येत, कधी माझी, आणि काहीच नसलं तर ‘आता जुनं कशाला उकरायचं’ हे सगळ्यांत सोयीचं वाक्य. शिकागोजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचं संपादन मी सतरा वर्षं केलं. दरवर्षी कुणाकुणाच्या आठवणी छापल्या. ज्यांच्याबद्दल आधी लिहायला हवं होतं त्यांच्याबद्दल एक ओळ छापली नाही. आता लिहितो, कारण वय शहात्तर आहे आणि ज्या बाईंनी मला हे लिहायला बसवलं त्या ऐकणाऱ्यांतल्या नाहीत.

गोष्ट एका पत्राची आहे. ते मी लिहिलं आणि बालंट दुसऱ्यावर गेलं. पण ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांची ओळख आधी करून द्यायला हवी, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला हलका वाटेल.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलीनं नको म्हटलं. शॉमबर्गच्या मराठी माणसांना ते लागणारही नाही, कारण इथे त्यांना सगळे फूटीकाका म्हणत. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियातला त्यांचा स्वतःचा फुटबॉल. काका नोकरीनिमित्त सहा वर्षं ॲडलेडला राहिले होते. मग कंपनीनं त्यांना शिकागोला पाठवलं. इथेच ते निवृत्त झाले, इथेच त्यांची बायको गेली आणि इथेच, आमच्या टाउनहाउससमोरच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर, ते एकटे राहत होते. मन मात्र ॲडलेडमधून निघालंच नव्हतं. तेही तिथल्या मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यांत नव्हे. त्यांचा जीव होता राज्याच्या लीगमध्ये, जिथे शनिवारी खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा कुणाच्या घरची वायरिंग करायला जातो.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा विचारण्याआधी ओव्हनमध्ये ठेवायचं लांबट काचेचं भांडं माझ्यापुढे मांडलं. त्यात अठरा राजमा आणि अठरा छोले ओतले.

“हे मैदान. गोल नाही, चौकोनी नाही, अंड्यासारखं. राजमा एका संघाचे, छोले दुसऱ्याचे. दोन्ही टोकांना चार-चार खांब.” त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या उभ्या करायचा प्रयत्न केला. “मधल्या दोन उंच खांबांमधून लाथ मारून चेंडू काढला की सहा गुण. आणि नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तर किती?”

“शून्य,” मी म्हटलं.

“एक!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “एक गुण, मेट! पांढऱ्या कपड्यातला पंच येतो, सहा गुणांना दोन निशाणं हलवतो, चुकलेल्याला एक. पण हलवतो. तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं.”

मेट, म्हणजे दोस्त, हा ॲडलेडहून आणलेला शब्द. ते सगळ्यांनाच मेट म्हणत. भटजींनाही.

दर गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या यादीवरच्या झाडून सगळ्यांना त्यांचा एक मेल येई. विषय कायम एकच: ‘शनिवारचे सामने’. खाली शुद्ध मराठीत येत्या शनिवार-रविवारी ॲडलेडमध्ये होणाऱ्या राज्य-लीगच्या सामन्यांची पूर्वसूचना. कुणी मागितलेली नव्हती. शॉमबर्ग, नेपरव्हिल आणि आसपासच्या मराठी माणसांपैकी एकानंही तो खेळ आयुष्यात पाहिला नव्हता.

संघांची खरी नावं ते लिहीत नसत. त्यांनी स्वतःची ठेवली होती: बंदरवाले, द्राक्षमळेवाले, गिरणीवाले, टेकडीवाले. आणि लिहिण्याआधी वारा विचारल्याशिवाय कागदाला हात लावत नसत. गुरुवारी दुपारी चारला, म्हणजे तिकडे शुक्रवारी पहाट उलटल्यावर, ते बंदराच्या मैदानावर गवत राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला फोन करत. त्याला ते माळीबुवा म्हणत. जुलैमध्ये इथे घाम निथळत असतो आणि तिकडे थंडी. काका त्या दिवशी मफलर गुंडाळून, स्वेटर घालून, एसी बंद करून बसत. एकदा त्यांची मुलगी आली होती. ती म्हणाली, “बाबा, इट्स नाइंटी डिग्रीज!” ते म्हणाले, “इथे. मी कुठल्या मैदानाचं लिहितोय?”

त्यांचा एक मेल जसाच्या तसा देतो (पाव म्हणजे सामन्याच्या चार भागांतला एक). माझ्याकडे आहेत सगळे.

“शनिवार. बंदरवाले आणि द्राक्षमळेवाले, बंदराच्या मैदानावर. माळीबुवा सांगतात की उत्तरेच्या खांबांपुढे अजून चिखल आहे. तिथे चेंडू उसळणार नाही, झोपेल. वारा समुद्राकडून, दुपारी दोननंतर वाढेल. नाणेफेक जिंकणाऱ्यानं वारा पहिल्या पावात घ्यावा की शेवटच्या पावासाठी राखून ठेवावा, हा डावपेचाचा नाही, स्वभावाचा प्रश्न आहे. बंदरवाल्यांचा कप्तान पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवतो. तो राखून ठेवेल. द्राक्षमळ्यांचा उंच खेळाडू वायरमन आहे, गेल्या आठवड्यात त्याचा अंगठा दुखावला. खेळेल, पण झेल घेताना त्याच्या डाव्या हाताकडे बघा. रविवार. गिरणीवाले आणि टेकडीवाले. तळाचे दोन संघ. बघायला कुणी जाणार नाही, म्हणून तुम्ही जा. गरम कपडे आणा.”

इलिनॉयमध्ये बसून ते आम्हाला दर आठवड्याला ॲडलेडच्या मैदानावर गरम कपडे आणायला सांगत. हे वाक्य मंडळात म्हणीसारखं झालं होतं. पुण्याहून नव्यानं आलेली आयटीतली मुलं पिकनिकला त्यांना घेरून बसत.

“काका, सांगा ना यार, बंदरवाले जिंकणार का?”

“ते मी सांगत नसतो.”

“मग प्रीव्ह्यू कशाला लिहिता?”

“कुठे बघायचं ते सांगायला. जिंकणार कोण, हे सांगणारे ज्योतिषी वेगळे.”

आणि त्याहून विचित्र म्हणजे, झालेल्या सामन्याबद्दल त्यांनी कधी अक्षर लिहिलं नाही. शनिवारी सकाळी सहाला चहा घेताना ते स्कोअर बघत, मान हलवत, विषय संपला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “अहो संपादक, झाल्यावर कुणीही लिहील. आधी लिहायला छाती लागते.” मी अंकाचा संपादक, म्हणून मला ते मेट म्हणत नसत तेव्हा संपादक म्हणत.

आता त्या बाईंचं. त्या मंडळाच्या सेक्रेटरी होत्या. मूळच्या नागपूरच्या, आवाज नागपूरपर्यंत पोचेल असा, आणि जे असेल ते तोंडावर. त्यांचं आणि काकांचं एक ठरलेलं होतं. काका अमेरिकेत गाडी चालवत नसत. “सहा वर्षं डावीकडून चालवली, आता मेंदू उलटा करून घेणार नाही,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी दहा वाजता सेक्रेटरीबाई आपली व्हॅन घेऊन यायच्या आणि त्यांना इंडियन ग्रोसरीला न्यायच्या. वाटेत दोघं भांडत.

“माझ्या इनबॉक्समधे हळदीकुंकवाची आमंत्रणं सापडून नाही राहिली तुमच्या त्या बंदरवाल्यांपायी,” त्या एकदा मंडळाच्या भर कार्यक्रमात म्हणाल्या. सगळे हसले. काकाही हसले. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्याचा उपयोग केला.

माझ्याबद्दल सांगायचं तर, त्या सुमाराला मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि अलास्काचं प्रवासवर्णन लिहिलं होतं. चौदा भाग. तेही मंडळाच्या यादीवर पाठवत होतो, दर बुधवारी. चौदा आठवड्यांत मला तीन उत्तरं आली. त्यातलं एक चुकून आलं होतं. आणि गुरुवारी काकांचा मेल पडला की शुक्रवारी लोक एकमेकांना विचारत, “वायरमनचा अंगठा बरा झाला का हो?” गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “या वर्षी अंकात फूटीकाकांचे सामनेच छापा ना, संपादक.” मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलंही नाही.

दोन दिवसांनी मी संगणकावर एक पत्र टाइप केलं. लायब्ररीत जाऊन त्याची प्रत काढली, तिकीट लावून मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी पाठवलं. मजकूर मला पाठ आहे. “मंडळाच्या ई-मेल यादीचा वापर मंडळाच्या कार्याशी संबंध नसलेल्या परकीय खेळाच्या प्रसारासाठी होत असल्याबद्दल अनेक सभासदांमध्ये तीव्र नाराजी आहे. कार्यकारिणीने याची नोंद घ्यावी.” खाली: एक हितचिंतक.

अनेक सभासद म्हणजे मी. हितचिंतक तर मी कुणाचाच नव्हतो.

कार्यकारिणीची पुढची बैठक झाली ती थेट नोव्हेंबरअखेर, अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये. बटाटेवडे होते. अध्यक्षांनी पत्र वाचून दाखवलं. तेव्हा सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “नाव नाही ना खाली? मग वाचता काहून? ज्याला बोलायचं आहे त्यानं समोर येऊन बोलावं. तो माणूस कोणाला त्रास देऊन नाही राहिला.” तिथे काकांची बाजू घेणाऱ्या त्या एकट्या. पण अध्यक्षांना वाद नको होता. ‘अनेक सभासद’ या शब्दांना ते घाबरले. यादी फक्त मंडळाच्या कामासाठी वापरायची, असा ठराव झाला. अलास्कासारखं माझं पुढचं काहीही त्यात गेलं, तो वेगळा विनोद.

अध्यक्षांनी काकांना फोनवर कळवलं. दुसऱ्या दिवशी काका मला पार्किंगमध्ये भेटले. मफलर नव्हता, हात खिशात.

“संपादक, तुम्ही होतात ना बैठकीला? अनेक सभासद म्हणजे कोण हो?”

इथे मला खरं सांगता आलं असतं. निदान ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, “कोण जाणे. नाव नव्हतं. पण तुमच्या मेलबद्दल आजवर उघड बोललेलं माणूस तर एकच आहे.”

त्यांनी खिशातले हात काढून पुन्हा आत घातले. मग म्हणाले, “खरं आहे.”

बैठकीत त्या बाई काय म्हणाल्या, ते मी सांगितलं नाही. पत्र लिहिलं ते हेव्यापोटी, आणि हेवा माणसाला होतो. पण पार्किंगमधलं ते वाक्य मी शांत डोक्यानं बोललो. अकरा वर्षं मला पत्र बोचलं नाही. ते वाक्य बोचलं.

पुढच्या शनिवारी बर्फ पडत होता. मी खिडकीतून बघत होतो. दहाला व्हॅन आली. काका कापडी पिशवी घेऊन फुटपाथवर चालत होते. व्हॅनची काच खाली झाली.

“चला ना भाऊ, बसा. पाय घसरून पडाल.”

“नको. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“बर्फात?”

“बर्फातच.”

व्हॅन थोडा वेळ त्यांच्या बाजूनं हळूहळू चालत राहिली, मग थांबली, मग वळून गेली. मी कोट घातला, गाडी काढली, कोपऱ्यावर त्यांना गाठलं. पिशवीवरचा बर्फ झटकून ते माझ्या गाडीत बसले. त्या दिवसापासून शनिवारची ग्रोसरी माझ्याकडे आली. म्हणजे मैत्रीसुद्धा मी उचलूनच आणली.

मेल बंद झाले, पण लिहिणं थांबलं नाही. पुढच्या सीझनच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी माझ्या दाराच्या मुठीला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली. आत एकच छापील पान: ‘शनिवारचे सामने’. दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये स्वतःच्या हातानं काही टाकणं इथे कायद्यात बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून पिशवी. कोपऱ्यात पेनानं लिहिलं होतं: “एकच वाचक उरला. पण चांगला आहे.”

पहिली काही पानं मी वाचली नाहीत. ड्रॉवरमध्ये टाकली. मग एकदा सहज वाचलं. मग दर गुरुवारी पाचनंतर माझे कान दाराकडे लागू लागले. एका शनिवारी सकाळी बायकोनं विचारलं, “एवढ्या लवकर उठून काय बघताय?” मी टेकडीवाल्यांचा स्कोअर बघत होतो. ज्या माणसाचं लिहिणं मी बंद पाडलं, त्याचा मी खराखुरा वाचक झालो होतो. ही शिक्षाच म्हणायची, पण फार गोड शिक्षा होती, तेही कबूल करतो.

गाडीत ते मोकळेपणानं बोलत. ॲडलेडच्या पहिल्या हिवाळ्यात ते एकटेच होते. बायको मुंबईत, अजून व्हिसा नाही. शेजारच्या आजोबांनी एका शनिवारी त्यांना मैदानावर नेलं. कँटीनच्या बाईनं न विचारता गरम सूपचा कप हातात दिला. आणि समोर एका पोरानं अगदी सोपा नेम चुकवला. “मला वाटलं आता याला शिव्या बसणार,” काका म्हणाले. “माझ्या वडिलांनी गणित चुकल्यावर मला काय दिलं ते माझ्या पाठीला माहीत आहे. आणि इथे एक माणूस पुढे येतो, निशाण हलवतो. एक गुण. मी तिथेच रडलो हो, संपादक. सूप खारट झालं.”

त्या वेळी सिग्नल लाल होता. मी म्हणालो, “मला तुम्हाला एक सांगायचंय.” ते म्हणाले, “सांगा.” सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि मी म्हणालो, “आज मेथी घेऊ या, ताजी आली असेल.”

असं दोनदा नाही, वीसदा झालं असेल.

सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांची बायपास ठरली. आदल्या संध्याकाळी दाराला पिशवी. गुरुवार नव्हता, सोमवार होता. आत पान:

“मंगळवार. स्थळ दुसऱ्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर. मैदान जुनं, सत्त्याहत्तर वर्षं वापरातलं, मधे खचलेलं. सर्जनबाई डावखुऱ्या आहेत, त्यांच्या मनगटाकडे बघा. तिसऱ्या पावात मैदान थकेल, तिथे गडबड करू नये. सीमारेषेबाहेर संपादक गाडी घेऊन उभे. या संघात इतक्या वर्षांत न बदललेला हा एकच खेळाडू. निकाल लिहीत नाही. गरम कपडे आणा, वेटिंग रूममध्ये एसी फार असतो.”

ते वाचून मी त्याच रात्री माफीचं पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, शर्टाच्या खिशात ठेवलं. सकाळी त्यांना आत नेताना त्यांनी हात वर केला आणि एक बोट हलवलं, पंच निशाण हलवतो तसं. पाकीट खिशातच राहिलं.

दुपारी सेक्रेटरीबाई आल्या. हातात स्टीलचा मोठा थर्मास. “मुगाचं कढण आहे. डॉक्टर हो म्हटले की द्या. मी नाही थांबत, मला बघून त्यांचं बीपी वाढेल.” हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली तेव्हा नवा थर्मास आला, त्याच कढणाचा. काकांनी दोन घोट घेतले.

“कुणी केलं हो?”

“घरून आणलंय,” मी म्हणालो.

“वहिनींना सांगा, आलं झकास पडलंय.”

खोटं बोलायची सवय लागली की विचार करावा लागत नाही, आपोआप येतं.

नंतर मुलीनं त्यांना व्हर्जिनियाला, ॲशबर्नला नेलं. तिथून गुरुवारी मेल येऊ लागला, फक्त माझ्या नावावर. माळीबुवा वारले होते. त्यांच्या जागी आता त्यांची नात गवत राखते आणि काकांशी फोनवर बोलते, हेही त्यातूनच कळलं. गेल्या वर्षी जूनमधल्या एका गुरुवारी आलेला मेल नेहमीपेक्षा छोटा होता. बंदरवाले आणि टेकडीवाले. वारा नाही. शेवटी: “हल्ली थकवा येतो. सेक्रेटरीबाई कशा आहेत? त्यांनी एवढं लिहिलं ते त्यांना तसं वाटलं म्हणूनच ना. मी उगाच ताणलं. गरम कपडे आणा.”

त्या मेलला मी लगेच उत्तर लिहायला घेतलं. सगळं लिहिलं, काही न लपवता. पण संपादकाची खोड. शुक्रवारी वाचलं, एक वाक्य पाल्हाळिक वाटलं. शनिवारी दुसरा परिच्छेद वर घेतला. रविवारी खाली नेला. सोमवारी स्वल्पविराम हलवले. मंगळवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. “काका,” ती म्हणाली, “बाबा पास्ड अवे. झोपेतच.” मग मराठीत म्हणाली, “सकाळी सहाला मी चहा घेऊन गेले, तर उठलेच नाहीत.”

त्यानंतर मी वर्ष काढलं. आणि तीन आठवड्यांपूर्वी कपाटातले दोन्ही थर्मास काढले, घासले, आणि सेक्रेटरीबाईंच्या दारात उभा राहिलो.

त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण आवाज तोच. थर्मास बघून म्हणाल्या, “अरे वा भाऊ, सहा वर्षांनी आठवण आली?” मी बसलो. त्यांनी पुडाच्या वड्या पुढे केल्या. मी हात न लावता सांगायला सुरुवात केली. पत्र, लायब्ररी, हितचिंतक. बैठकीत त्या जे म्हणाल्या ते काकांपासून मी लपवलं, हेही. पार्किंगमधलं वाक्य. कढण.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाला. मी विचार करत होतो की बूट कुठे काढलेत आणि निघायला किती वेळ लागेल.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “म्हणजे मी अकरा वर्षं काय समजून राहिले, तर इनबॉक्सवरून मी बोलले ते त्यांना लागलं. दर संक्रांतीला वाटायचं, जाऊन पाय धरावे म्हाताऱ्याचे. लाजेपायी गेले नाही.” मग एकदम, “आणि अलास्का! अलास्कापायी केलं तुम्ही हे?”

“हो.”

“चौदा भाग होते ना हो ते?”

“चौदा.”

आणि त्या हसू लागल्या. रडत होत्या आणि हसत होत्या, पदरानं दोन्ही पुसत होत्या. “बाप्पा रे! त्या बर्फाच्या गोष्टी कोणी वाचल्या नाहीत म्हणून!” मलाही हसू आलं. अकरा वर्षांत या गोष्टीवर हसता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

हसणं थांबल्यावर त्या गंभीर झाल्या. “मी तुम्हाला माफबिफ नाही करत एवढ्यात. विचार करते. पण हे लिहा. अंकात, सगळ्यांपुढे. पत्र निनावी होतं, हे नावानिशी छापा. आणि चौदा भाग नको.”

निघताना त्यांनी एक थर्मास परत माझ्या हातात दिला. जड लागला. “कढण आहे,” म्हणाल्या. “या वेळी कोणी केलं म्हणून विचारलं तर खरं सांगा.”

घरी आल्यावर बायकोनं विचारलं. मी खरं सांगितलं. तेव्हापासून मी रात्री सलग झोपतो. गुरुवारी पाच वाजता कान अजून दाराकडे जातात. सेक्रेटरीबाईंनी काकांचे जुने मेल मागून घेतलेत. शनिवारी दहाला फोन करून विचारतात, “वायरमनच्या अंगठ्याचं पुढे काय झालं हो?” आणि मला सांगावं लागतं की पुढचं ते लिहीत नसत.

त्या म्हणाल्या तसं नावानिशी छापायचं, म्हणून ड्राफ्टमध्ये राहिलेलं ते उत्तर शेवटी देतो. त्यातला एकही स्वल्पविराम आता हलवलेला नाही.

“मेल मिळाला. तुमच्या पद्धतीनं आधी वारा सांगतो. वारा माझ्याविरुद्ध आहे, आणि तसाच असायला हवा. मंडळाकडे आलेलं ते पत्र मी लिहिलं होतं. अनेक सभासद नव्हते, मी एकटा होतो. सेक्रेटरीबाईंनी एक अक्षर लिहिलं नाही. उलट बैठकीत तुमच्या बाजूनं फक्त त्या बोलल्या आणि मी ते तुम्हाला कळू दिलं नाही. हॉस्पिटलमधलं कढण त्यांचं होतं, आलंही त्यांनीच घातलं होतं. तुमचे सामने माझ्या अलास्कापेक्षा चांगले होते, एवढंच कारण. त्यांचा फोन नंबर खाली देतो, आधी त्यांना फोन करा, मला नंतर केला तरी चालेल, नाही केला तरी चालेल. मी चुकलो. मला माफ करा.”

खाली नंबर होता, आणि त्याच्याखाली माझं पूर्ण नाव.